टप्प्यांची संरक्षक भिंत

टप्प्यांची संरक्षक भिंत : उतारावरची माती एका उंच भिंतीऐवजी, एकामागे एक सरकवलेल्या दोन किंवा अधिक बुटक्या भिंतींनी अडवणारी रचना.

तत्त्व : मातीचा दाब खोलीनुसार वाढतो. त्याची मोजणी शार्ल कूलाँ (1776) व विल्यम रँकिन (1857) यांच्या सिद्धांतांवर आधारलेली आहे. घनमीटरला 18 किलोन्यूटन वजनाची, 30 अंश घर्षणकोनाची कोरडी माती 6 मीटर उंच भिंतीला दर मीटर लांबीमागे 108 किलोन्यूटन रेटा देते. 3 मीटर भिंतीला फक्त 27. उंची निम्मी झाली की रेटा चौथाई होतो आणि भिंत उलथवणारे परिबल आठव्या हिश्श्यावर येते.

विश्लेषण : हा लाभ भिंतींमधील अंतरावर अवलंबून असतो. वरची भिंत फार जवळ असेल, तर तिचा व तिच्यामागील मातीचा भार खालच्या भिंतीवर येतो. खालच्या भिंतीच्या दुप्पट उंचीइतके अंतर ठेवण्याचा ढोबळ संकेत आहे. त्याहून कमी अंतर असल्यास हा भार हिशेबात धरावा लागतो. प्रत्येक भिंत घसरणे, उलथणे व पाया दबणे यांसाठी तपासतात. त्यानंतर सर्व भिंती पोटात घेऊन संपूर्ण उतारच खोलवरून सरकेल का, हे पाहतात. सुट्या भिंती सुरक्षित ठरूनही उतार ढासळू शकतो, म्हणून ही तपासणी टाळता येत नाही.

पाणी : वरील उदाहरणातील 3 मीटर भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले, तर एकट्या पाण्याचा रेटा सुमारे 44 किलोन्यूटन होतो. म्हणून भिंतीमागे खडी-वाळूचा गाळणथर, भिंतीत पाणी जाण्यासाठी छिद्रे आणि प्रत्येक टप्प्यावर चर आवश्यक असतो.

मोहाडी परिसर : भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हा भातपट्ट्याचा, बव्हंशी सपाट भाग असल्याने घाटातल्यासारख्या उंच भिंतींची गरज येथे क्वचितच पडते. उतार टप्प्यांत विभागण्याची रीत मात्र या भागात परिचित आहे. धानाच्या बांध्या उतारानुसार खालीवर आखतात. शेजारच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या उघड्या खाणीत कडे टप्प्याटप्प्याने कापतात. जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांच्या मातीच्या पाळींनाही पाझर व घसरण यांचेच नियम लागू पडतात. भिंत असो वा पाळ, पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे हीच तिची पहिली देखभाल होय.