शकावली
शकावली : घटनांची तिथीवार, शकानुक्रमे केलेली नोंद. करीने (घराण्यांच्या हकिकती), बखरी व पत्रे यांतील विस्कळीत माहिती कालक्रमाने लावण्याचा हा प्रमुख आधार होय. शक संवत्सरात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो; १ जानेवारीनंतर येणाऱ्या तिथींसाठी मात्र ७९ मिळवावे लागतात.

जुन्नरजवळील शिवनेरीवर झालेला शिवाजी महाराजांचा जन्म हे शकावलीच्या अशा उपयोगाचे ठळक उदाहरण. बखरींच्या आधारे वैशाख शु. २, शके १५४९ (१६२७) ही तिथी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन व. ३, शके १५५१ अशी नोंद आढळली. तिच्याशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्यूलियन पद्धतीची असून ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च येते.

कालक्रमाची अशीच दक्षता देवस्थानांच्या इतिहासातही लागते; उदा., भीमाशंकर या ज्योतिर्लिंगाच्या देवळाबाबत कथा व इतिहास यांचे कालपट वेगळे ठेवावे लागतात. भीमासुराच्या पुराणकथेला प्रसंगांचा क्रम आहे, सन नाही. देवळासमोरील घंटा चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतील (१७३९) मानतात, तर शिखराचे श्रेय नाना फडणीसांना (१७४२–१८००) देतात. दोन्ही श्रेये खरी धरल्यास शिखराचे काम मोहिमेनंतरचेच ठरते.

ऐतिहासिक कादंबरीकारालाही शकावली उपयोगी पडते. पात्रांची वये, ऋतू, प्रवासाचे दिवस तिच्यावरून पडताळता येतात. नोंदींमधील मोकळ्या जागा कल्पनेसाठी उरतात. एकाच शकावलीवर विसंबणे मात्र धोक्याचे. नकलकाराच्या चुका ओळखण्यासाठी तिथी, वार व समकालीन पत्रे यांचा मेळ घालावा लागतो.