बाटल्या धुणारा मुलगा

परवा भाचीचा फोन आला. जीवशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका प्रयोगशाळेत काम मिळालं म्हणून आठवडाभर हवेत होती, आणि आता आवाज एकदम पडलेला. "मामा, पहिले दोन आठवडे नुसतं काचेचं सामान धुवायला सांगितलंय. सोडून देऊ का रे?"

तेव्हा काही सुचलं नाही. रात्री मात्र कॅल्व्हिन ब्रिजेस आठवला. त्याची गोष्ट तिला सांगायची आहे, म्हटलं इथेच लिहावी.

१९०९ साल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन प्राणिशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गाला शिकवत होते. समोरच्या मुलांमध्ये ब्रिजेस होता आणि आल्फ्रेड स्टर्टेव्हंटही. दोघेही पदवीचेच विद्यार्थी. मॉर्गनसरांची प्रयोगशाळा म्हणजे ६१३ नंबरची खोली, १६ बाय २३ फूट. आपल्या चाळीतल्या दोन खोल्या धरा. त्यात आठ टेबलं, दुधाच्या बाटल्या, आणि बाटल्यांत पिकल्या केळ्यांवर पोसलेली चिलटं. ओट्यावरची केळी जास्त पिकली की घोंघावतात ना, तीच. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार, त्यामुळे अनुवंशिकता अभ्यासायला सोयीची. १९१० मध्ये तिथे लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि सगळी खोली कामाला लागली.

ब्रिजेसला तिथे घेतलं ते बाटल्या धुवायला. एकदा जाड काचेतून, भिंगाशिवाय, त्याला वेगळ्याच शेंदरी डोळ्यांची माशी दिसली. त्याने ती दाखवली. मॉर्गनसरांनी त्याला संशोधनासाठी टेबल दिलं.

स्टर्टेव्हंटची गंमत वेगळीच. त्याला काही रंग नीट ओळखूच यायचे नाहीत! पण वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी मांडायचा नाद होता. घोड्यांच्या रंगावर टिपण लिहून त्याने सरांना दाखवलं. सर म्हणाले, छापायला पाठव. त्यालाही टेबल मिळालं.

१९११ च्या अखेरीस सरांशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. गुणसूत्र म्हणजे मण्यांची माळ समजा, मणी म्हणजे जनुकं. बीजपेशी तयार होताना जोडीतल्या दोन माळा आपापले तुकडे बदलतात. दोन मणी जितके लांब, तितकी मध्येच माळ तुटून त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणजे शंभर पिल्लांत किती वेळा ताटातूट झाली ते मोजलं, की अंतर कळलं! पठ्ठ्याने कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकला, रात्र जागवली आणि जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापून आला: पिवळं अंग ० वर, पांढरे डोळे १.० वर, शेंदरी डोळे ३०.७ वर. आजही हे अंतर सेंटिमॉर्गनमध्येच मोजतात.

हे वाचताना मला आमची प्रॅक्टिकल्स आठवतात. आम्हीही मणी मोजायचो. रंगीत मण्यांवर मेंडेलचं ३:१ गुणोत्तर काढायचं असायचं. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजायचे कष्ट कोण घेणार? आम्ही आकडाच बदलायचो. उत्तर आधीच ठाऊक होतं ना! जर्नलवर सही मिळायची. असो. त्या मुलांच्या पुढ्यात मात्र असे प्रश्न होते, ज्यांचं उत्तर सरांनाही माहीत नव्हतं. फरक महागड्या यंत्रांचा नव्हताच.

तेव्हा बाळा, बाटल्या धुतल्या म्हणून प्रत्येकाचा ब्रिजेस होत नाही हे खरं. पण दोन आठवड्यांत एवढं बघ: तिथे काही वेगळं दिसलं तर ते सांगायला कोणी आहे का? आणि तो माणूस हातातलं काम थांबवून ऐकतो का? ऐकत असेल तर थांब. नसेल तर खुशाल सोड.

१९३३ मध्ये मॉर्गनसरांना नोबेल मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी आपल्या मुलांबरोबरच ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंटच्या मुलांमध्येही वाटली.

आत्ताच फोनवर हे सगळं ऐकवलं. बाईसाहेब क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "बरं, सोमवारी जाते. पण मामा, तुम्ही खरंच आकडे बदलायचात?"