सुपरमॅनचे खांदे आणि १३० डॉलर

परवा माझा पुतण्या चित्रकलेची वही घेऊन आला. "काका, मला सुपरमॅन नीट काढायला शिकव ना." एक त्याने स्वतः काढलाच होता. दंडावर नारळ बांधल्यासारखे फुगे, पोटावर चौकटीच चौकटी, छातीवर भला मोठा 'एस'. एवढं करूनही गडी फुंकर मारली तर पडेल असा उभा! मला हसू आलं आणि माझी शाळेतली वही आठवली. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मी अगदी असाच काढायचो. बलदंड नायकाच्या चित्राची सुरुवात स्नायूंपासून होत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात होते मापापासून. चित्रकार माणसाची उंची डोक्याच्या मापाने मोजतात. साधारण माणूस साडेसात डोकी उंच भरतो. अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराने १९४३ सालच्या आपल्या पुस्तकात आदर्श माणसाला आठ आणि वीरपुरुषाला नऊ डोकी दिली. स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांचं कॉमिक्स काढायला शिकवणारं पुस्तक १९७८ साली आलं, त्यात सुपरहीरो पावणेनऊ डोक्यांचा आहे. म्हणजे डोकं तेवढंच ठेवायचं, पाय लांबवायचे आणि खांदे रुंद करायचे. आपल्या शिल्पशास्त्राला ही युक्ती नवी नाही. तिथे 'ताल' म्हणजे चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळं. नवताल मूर्ती एकशे आठ अंगुळांची. डोक्याऐवजी चेहरा धरल्याने आकडे जुळणार नाहीत, पण एका अवयवाने सगळा देह मोजायचा हा विचार तोच.

माप झालं की डोक्यापासून टाचेपर्यंत एकच वळणदार रेघ ओढायची. नायक झेप घेतोय की ठोसा मारतोय, ते या रेघेवरून कळतं. मग छातीचा मोठा आणि कंबरेचा लहान असे दोन ठोकळे, हातापायांच्या नळ्या, आणि सगळ्यात शेवटी स्नायू. तेही सगळे एकदम फुगवायचे नाहीत. हात कोपरात दुमडला की पुढचा स्नायू आखडून जाड होतो, मागचा ताणून लांबतो. बर्न हॉगार्थ यांनी १९३७ पासून 'टारझन'ची चित्रमालिका काढली आणि १९५८ साली हालत्या शरीराच्या रचनेवर पुस्तकच लिहिलं. पुतण्याच्या सुपरमॅनचे सगळे स्नायू एकाच वेळी आवळलेले होते, म्हणून तो लाकडी दिसत होता.

हे त्याला समजावताना माझ्या मनात मात्र वेगळाच माणूस घोळत होता. ज्याने पहिला सुपरमॅन काढला, त्याच्या वेळी यातलं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं.

जो शूस्टर. जन्म १९१४, टोरांटो. ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, वाढला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात. तिथे शाळेत जेरी सीगल भेटला. सीगल गोष्टी लिहायचा, शूस्टर चित्रं काढायचा. घरी इतकी ओढगस्त की कधीकधी वॉलपेपरच्या मागच्या बाजूवर चित्रं काढावी लागायची. नजर लहानपणापासून अधू. शरीर कमावण्याच्या मासिकांचा नाद, स्वतःही वजनं उचलायचा. त्याच्या नायकाचा पोशाख म्हणजे सर्कशीतल्या पहिलवानाचा. अंगाला घट्ट कपडे आणि वरून चड्डी!

जून १९३८ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा नायक मोटार डोक्यावर उचलून धरतो. ते चित्र आज पाहिलं तर त्यात स्नायूंच्या रेघा फार नाहीत. रुंद छाती, मोजक्या रेघा आणि सगळ्या अंगात एक झोक. बाकी काम बघणाऱ्याचं मन करतं.

आता दुसरा कागद. पहिल्या तेरा पानी गोष्टीचे पानाला दहा डॉलर, म्हणजे १३० डॉलर घेऊन दोघांनी सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाला लिहून दिले. माझं अर्धं आयुष्य सह्या आणि शिक्के बघण्यात गेलं आहे. कुणी घाईत केलेली एक सही पुढे किती वर्षं छळते, ते मी टेबलाच्या अलीकडून पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून हा आकडा वाचला तेव्हा मी थबकलो होतो. १९४७ साली दोघे कोर्टात गेले. तडजोड झाली, पण अंकावरून त्यांची नावं गेली. सुपरमॅन मोठा होत गेला आणि शूस्टरची दृष्टी विझत गेली.

१९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली, तेव्हा सीगलने जाहीर तक्रार केली. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले. शरीराच्या हुबेहूब रेखाटनासाठी अ‍ॅडम्सचं नाव आजही घेतात. त्या डिसेंबरात कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर कबूल केले आणि निर्माते म्हणून त्यांची नावं परत छापायचं ठरलं. शूस्टर १९९२ साली गेला. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते, तो जुना चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरना विकला गेला. चित्राचे पैसे मिळाले १३०, त्याच्या पावतीला एवढी किंमत!

असो. पुतण्याने तासाभरात दुसरा सुपरमॅन काढला. डोकं अजून थोडं मोठंच आहे, पण रेघेत झोक आला आहे. आता हा पडणार नाही. मी एवढंच म्हटलं, "खाली कोपऱ्यात तुझं नाव घाल, आणि तारीख."

"कशाला? घरातलंच तर आहे," तो म्हणाला.

"तरी घाल," मी म्हटलं.