सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जामखेड

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेला लोकसहभागी आरोग्यप्रकल्प. अपयशाची चिकित्सा करून कार्यपद्धती बदलणाऱ्या नेतृत्वाचे हे ठळक उदाहरण होय.

याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बरे झालेले रुग्ण टाळता येण्याजोग्या त्याच आजारांनी परततात, हे दोघांच्या लक्षात आले. केवळ रुग्णालयीन उपचारांची ही मर्यादा ओळखून त्यांनी प्रतिबंधावर भर दिला. जामखेडला आरंभी गावांत प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. पण बाहेरून आलेल्या या तरुणींना एकटीने राहणे जड गेले आणि गावकऱ्यांचा विश्वासही मिळेना. तेव्हा परिचारिकांना दोष न देता योजनेची रचनाच बदलण्यात आली. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. सुरक्षित बाळंतपण, बालकांचा आहार, लसीकरण, स्वच्छ पाणी ही कामे त्यांनी सांभाळली. महिला मंडळे व शेतकरी मंडळांमुळे कामाला सामाजिक पाठबळ मिळाले.

आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले.