वळिवड्याला उतरा

नरसोबाच्या वाडीत घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसा आणि पाय पाण्यात सोडा. मागं देवळातल्या घंटा, शेजारी ओली धोतरं पिळणाऱ्यांची लगबग, वरच्या दुकानांतून उतरणारा आटलेल्या दुधाचा आणि उदबत्तीचा वास. पंचगंगा इथंच कृष्णेला मिळते. आज तिला एवढंच विचारायचं, की बाई, वाटेत काय काय बघून आलीस? आणि उत्तरासाठी तिच्या काठानं उलटं वर जायचं.

हे सुचलं स्टीव्ह मॅक्वीन यांच्या ‘ऑक्युपाइड सिटी’ या माहितीपटावरून. चार तासांहून लांब आहे. पडद्यावर सगळं आजचं ॲमस्टरडॅम दिसतं, आणि निवेदिकेचा आवाज सांगत राहतो, की नाझींच्या ताब्यात शहर होतं तेव्हा याच दारात, याच चौकात काय घडलं. जुनं एकही चित्रण नाही. तो बघताना मला सारखं याच पंचगंगेकाठचं, कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवत होतं. आपल्या दारात ते युद्ध आलं नाही. त्या युद्धानं घरातून उठवलेली माणसं मात्र आली.

चला तर. साल १९४४. खिसे चाचपू नका, मोबाईल नाही. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी आहे. पाटीत कृष्णाकाठची वांगी, थोडे बटाटे, कोबी. मिरजेहून आलेली गाडी तुम्हाला वळिवड्याला सोडून धूर ओकत कोल्हापूरकडं निघून गेली. डोळ्यांत कोळशाची कणी गेलीय, ती पदरानं काढा. ऊन असं, की रुळांवरची हवा थरथरतेय.

रुळांपलीकडं बराकींच्या रांगाच रांगा. वर कौलं, भिंती बांबूच्या चटईच्या. जवळजवळ पाच हजार माणसं राहतात इथं, आणि तुमच्या पहिल्यांदा लक्षात येईल ते हे, की बाप्ये फार थोडे. बायका, पोरं, म्हातारी माणसं. रशियनांनी पूर्व पोलंडमधून यांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडं नेलं. तिथून सुटली ती इराणात, मग कराचीत, आणि शेवटी करवीर संस्थानातल्या या माळावर. नवरे, थोरले भाऊ कुठल्या कुठल्या आघाडीवर लढताहेत.

आरोळी द्या. लाजू नका, सगळेच देतात. ‘ताजी हाईत, घ्या की ओ बाई!’ एका पडवीतून डोक्याला रुमाल बांधलेली बाई येते. हातातलं वांगं उलटंसुलटं करून बघते आणि परत ठेवते. बटाटा दिसल्यावर मात्र तिचा चेहरा खुलतो. ती बोटांवर आणे दाखवते, तुम्ही बोटांवर भाव वाढवता. थोडं हिंदुस्थानी, थोडं मराठी, बाकी सगळा हातवाऱ्यांचा कारभार. तोवर पोरं भोवती जमतात. उन्हानं रापलेली, नाकाची सालपटं निघालेली, आणि तुमच्या चुंबळीकडं टक लावून बघणारी.

थोडं थांबा, घाई नाही. एका बाजूनं भाजलेल्या पावाचा वास येतोय, दुसरीकडून शाळेतल्या पाढ्यांचा सूर. शब्द कळणार नाहीत, चाल कळेल. इथं शाळा आहेत, चर्च आहे, दवाखाना आहे, सिनेमासुद्धा. चटईच्या भिंतीमुळं गुपित काही राहत नाही. या खोलीतलं बाळ रडलं की पलीकडची जागी होते, आणि रात्री कोण कुणाच्या आठवणीनं हुंदके देतं, तेही सगळ्या रांगेला ठाऊक असतं.

आषाढात आलात तर वेगळा संसार. पाऊस कौलांवर इतका बडवतो, की बोलायचं तर ओरडावं लागतं. चटया भिजून बांबूला आंबूस वास सुटतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि काळी माती तळपायाला अशी धरते, की पाऊल उचलताना जोर लावावा लागतो.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते डिसेंबरात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी. गुऱ्हाळं सुरू आहेत, उकळत्या रसाचा गोड, धुरकट वास शिवारावरून थेट छावणीत शिरतो. पडव्यांतून पोरं आभाळाकडं माना वर करून उभी आहेत. पहिली चांदणी दिसल्याखेरीज जेवायला बसायचं नाही, असा त्यांचा रिवाज. दारातून आत डोकवा. टेबलावर पांढरं कापड, कापडाखाली थोडं वाळलेलं गवत, गव्हाच्या पातळ पापुद्र्यासारखी वडी सगळे एकमेकांच्या हातून मोडून खाताहेत. आणि एक ताट जास्तीचं मांडलंय, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. हा रिवाजही जुनाच. पण या खोलीत त्या ताटाकडं बघून कोण कुणाला आठवतंय, हे विचारायची तुमची छाती होणार नाही.

पुढं युद्ध संपलं, तेव्हाही इथल्या कित्येकांना घरी जाता आलं नाही, कारण गावच सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी आणखी लांब. काहींची थडगी कोल्हापुरात राहिली.

आता आजच्या दिवसात परत या. तोच माळ, नाव गांधीनगर. फाळणीनंतर सिंधहून उखडलेली कुटुंबं याच बराकींत आली आणि त्यांनी इथं कापडाची मोठी घाऊक पेठ उभी केली. टेम्पोतून गठ्ठे उतरताहेत, हमाल ‘बाजू, बाजू’ ओरडताहेत, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकात बसतो. एकाच जमिनीनं लागोपाठ दोन देशांची घरं गमावलेली माणसं सांभाळली, ही माझ्या मते कोल्हापूरच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. गुजरातेतल्या बालाचडीच्या पोलिश मुलांची आणि त्यांना आसरा देणाऱ्या जामसाहेबांची कथा पुष्कळ सांगितली जाते. वळिवड्याची छावणी तिच्याहून कितीतरी मोठी, तरी तिचं नाव आपल्याच जिल्ह्यात अनेकांना माहीत नाही. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

मॅक्वीनसारखा माहितीपट इथं सहज होऊ शकतो. कॅमेरा गांधीनगरच्या गल्लीत ठेवायचा, आणि आवाज त्या छावणीचा. त्यासाठी लागणारे आवाज मात्र झपाट्यानं कमी होताहेत. तुमच्या घरात, आळीत नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल, ज्यांनी लहानपणी त्या कॅम्पात दूध घातलं, भाजी विकली, नुसतं कुंपणाशी उभं राहून बघितलं, तर मोबाईल त्यांच्यासमोर ठेवा आणि बोलतं करा. भाव काय होता, कोण काय घ्यायचं, कुठल्या शब्दानं हाक मारायचं, सगळं विचारा. आणि हे याच वर्षी करा.