पडदा आणि प्रकाशाची वाटणी

घरात प्रोजेक्टर आणायचं ठरलं की पडद्याचा प्रश्न येतो, आणि दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो ‘गेन’चा. जास्त गेन म्हणजे चांगला पडदा, असं आपण सहज धरून चालतो. पण पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. आलेला प्रकाश तो प्रेक्षकांत वाटतो. समोर मधोमध बसलेल्याला दुप्पट दिला, तर तो कडेला बसलेल्याच्या वाट्यातूनच येणार. पडद्याचा इतिहास आम्ही या वाटणीचा इतिहास म्हणून वाचतो.

1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ल्युमिएर बंधूंनी वीस मीटरहून अधिक रुंद कापड टांगलं होतं. ते पाण्याने भिजवत. ओल्या धोतरातून आरपार दिसतं ना, तेच तत्त्व: काही प्रकाश परत येतो, काही पलीकडे जातो. त्यामुळे प्रेक्षक दोन्ही बाजूंनी बसू शकत. याच ल्युमिएरांचा खेळ 7 जुलै 1896 रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला होता. पुढे आपल्याकडे जत्रेतल्या तंबूतही काही ठिकाणी पडद्यामागे माणसं बसत. त्यांना अक्षरं उलटी दिसत, नायक डावखुरा वाटे. पण सिनेमा दिसत होता!

मग आला ‘रुपेरी पडदा’. आज ही नुसती उपमा झाली आहे, पण तेव्हा पडद्यावर खरोखरच धातूची चमक असलेला रंग असे. दिव्यांचा प्रकाश मंद, म्हणून हा उपाय. चित्र उजळलं, पण मधल्या खुर्च्यांपुरतं. बोलपट आल्यावर पडद्याला बारीक भोकं पडली, कारण मागच्या कर्ण्यांचा आवाज बाहेर यायला हवा होता. थोडा प्रकाश तिथे गळाला. ती किंमत मात्र सर्वांनी सारखीच मोजली.

तेव्हा घरासाठी पडदा निवडताना आधी बसणारी माणसं मोजा. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, मुलं जमिनीवर, पाहुणे दाराशी, असं घर असेल तर साधा मॅट पांढरा, गेन 1 च्या आसपासचा पडदा घ्या. दोघांनीच समोर बसायचं असेल तर जास्त गेनचा परवडेल.

आणि काळ्या रंगाचं काय? प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातली रात्र म्हणजे उजेड न पडलेला पडदा. खोलीत उजेड असेल तर ती रात्र पांढुरकी होते. म्हणूनच राखाडी पडदे निघाले, पण ते चित्राचा उजळपणाही कमी करतात. त्यापेक्षा आधी खिडकी झाका.

भिंत चालेल का, असं एका चिठ्ठीत विचारलंय. गिलावा गुळगुळीत असेल आणि रंग पांढरा, बिनचमकीचा असेल, तर खुशाल.