पटकीपासून कायम रसायनांपर्यंत: शिरूर-दौंडच्या पाण्याची तपासणी

पिण्याच्या पाण्यात काय तपासायचे, हे त्या त्या काळी लोक कशाला घाबरत होते यावर ठरत आले. शिरूर घोडनदीकाठी, दौंड भीमेकाठी. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा भीमेला मिळते ती दौंडच्या वरच्या अंगाला. त्यामुळे पहिली धास्ती पटकीसारख्या रोगांची होती आणि त्यावर तोडगा होता क्लोरीनची टीसीएल पावडर. ती पाण्यात उतरली की नाही, हे ग्रामपंचायतीचा कर्मचारी ओटी टेस्टने पाहतो. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे.

1972च्या दुष्काळानंतर बोअरवेल वाढल्या आणि क्षारांचा प्रश्न पुढे आला. उसाला दिलेल्या युरियापासून मातीत बनणारा नायट्रेट जमिनीत झिरपतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून तो जात नाही, उलट थोडा दाटच होतो.

पुढे दौंड तालुक्यात कुरकुंभ आणि शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे एमआयडीसी आल्या. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची दाटी झाली आणि आसपासच्या गावांतून विहिरी बिघडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कारखान्याच्या सांडपाण्याची प्रत बहुधा सीओडीवरून, म्हणजे त्यातले पदार्थ जाळायला किती ऑक्सिजन लागतो यावरून, ठरते. गोम इथेच आहे: पीएफएएस या फ्लोरिनयुक्त गटातली 'कायम रसायने' अशी सहजी जळतच नाहीत, त्यामुळे सीओडीच्या आकड्यात त्यांचा मागमूसही लागत नाही.

त्यांचा नमुना घेण्याची रीतही उलटी. कीटकनाशकांसाठी काचेची बाटली लागते. पीएफएएससाठी साध्या प्लास्टिकची, मात्र टेफ्लॉनचे झाकण चालत नाही, कारण ते त्याच कुळातले. मोजमाप लिटरला नॅनोग्रॅममध्ये होते. अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांना प्रत्येकी 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. भारतीय मानकाच्या 2012च्या आवृत्तीत डीडीटी, एंडोसल्फान ही नावे आहेत, पीएफएएसचे नाही.

2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद झाली. नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन रंगावरून गावातच कळू लागले. नॅनोग्रॅममधल्या रसायनांसाठी मात्र लागते वस्तुमान-वर्णपटमापी असलेली प्रयोगशाळा.